फुलारी खिडकीची आगळ

वामनराव ओसरीवर बसले ते नेमके आगळीखालीच, आणि तिथे बसूनच त्यांनी विचारलं, "देवरावजी, आपल्या फुलारी खिडकीची आगळ तुमच्या घरी हाय म्हणतात. खरं काय?"

देवरावांनी वर पाहिलं नाही. त्यांच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, पाहिलं आणि चहाची बशी ठेवता ठेवता पदर तोंडाला लावला. वामनरावांच्या पागोट्याच्या हातभर वर, दोन खांबांच्या माथ्यावर आडवा टाकलेला काळाभोर सागवानी दांडा होता. त्याला त्यांच्या लेकीचा, ललिताचा, पाळणा टांगला होता, त्याआधी देवरावांचा. पाच वर्षांपूर्वी हे कुटुंब परकोटाच्या आत राहायला आलं, तेव्हा देवराव म्हणाले होते की दांडा जुन्या घरीच राहू द्या. त्यावर त्यांच्या आत्या, म्हणजे केशरबाई, म्हणाल्या, "दांडा राहिला तं मी बी अठीच राहातो." मग दांडा आला, आणि दांड्यामागून आत्याही आल्या.

अमरावतीच्या जुन्या परकोटाला, म्हणजे शहराच्या तटाला, मोठे दरवाजे आहेत तशा काही खिडक्याही आहेत. खिडकी म्हणायचं, पण जाते त्यातून बैलगाडी. फुलारी खिडकीतून पूर्वी पहाटे फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या आत यायच्या. देवीदास गुरुजींनी हिशेब काढला की या खिडकीला यंदा दीडशे वर्षं पुरी होतात. हिशेब कसा काढला ते कोणी विचारलं नाही, कारण उत्सव सगळ्यांनाच हवा होता. कमिटी झाली. वामनराव पेठेतले भाजीफुलांचे सगळ्यात मोठे व्यापारी, शिवाय चांदूर बाजाराकडे त्यांची संत्र्याची बाग, त्यामुळे अध्यक्ष तेच झाले. पन्नास वर्षं मातीत रुतून उघडं राहिलेलं खिडकीचं दार उकरून काढलं, बिजागऱ्यांना तेल पाजलं, दार हललं. आता राहिली होती फक्त दाराला आतून लावायची आगळ.

"हाय ना," देवराव घाईघाईने म्हणाले. "घेऊन जा. आजच घेऊन जा. माणूस पाठवा, मी काढून देतो."

"आगळ माई हाय," आतून आवाज आला. "थो कायले देते?"

केशरबाई बाहेर आल्या. सत्तरी गाठली होती, पण आवाज असा की बाजारात हाक मारली तर गिऱ्हाईक विसरून बाया वळून पाहत. वामनरावांचे वडील त्यांना 'केशर' म्हणत, तेही लांबून. वामनराव मात्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, "केशरबाई, रामराम. नाई, जयभीम."

"जयभीम. बसा. काय काय करून राहिले खिडकीवर?"

वामनरावांना तेच हवं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. येत्या रविवारी दुपारी खिडकी बंद करायची, सगळी पेठ बाहेर उभी करायची, बँड वाजला की दार उघडायचं आणि वाजतगाजत आत यायचं. शिवाय एक मोठी रंगवलेली पाटी लागणार होती. तिच्यावरचा मजकूर त्यांनी तोंडपाठ केला होता. "या खिडकीबाहेर कैलासवासी तुळशीरामजी यांनी दरोडेखोरांपासून पेठेचे रक्षण करण्यासाठी रात्रभर पहारा दिला."

तुळशीरामजी म्हणजे वामनरावांचे आजोबा.

केशरबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि पंचफुलाबाईंना पाणी आणावं लागलं.

"रातभर बाहेर होते," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "हे मातर खरं हाय. मीनं सोता पाह्यलं."

"पाहा!" वामनराव देवरावांकडे वळले. "केशरबाईले बी ठाऊक हाय! मी म्हनतच होतो का आमच्या घरची गोष्ट खोटी नाई."

"आगळ देतो मी. पन लावीन मीच अन् काढीन बी मीच. माया बापाच्या रीतीनं."

"हो, हो, कावून नाई!" वामनराव म्हणाले. रीत कोणती हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. संत्र्यांची टोपली ओसरीवर ठेवून ते खुशीत निघून गेले.

ते दिसेनासे होताच देवरावांनी कपाळाला हात लावला.

रविवार! त्याच रविवारी अकोल्याहून बुधाजी येणार होते. बुधाजींचा मुलगा शेषराव आणि ललिता यांचं जमलं होतं, फक्त तारीख ठरायची होती. बुधाजी माणूस चांगला, कापसाच्या जिनात फिटर, पण या एका बाबतीत फार कडक. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी आपल्या सगळ्या भावकीला जुनी गावकामं सोडायला लावली होती. शेषरावासाठी आधी एक स्थळ जमत आलं होतं, ते त्यांनी अर्ध्या वाटेतून परत फिरवलं होतं, कारण त्या घरचा म्हातारा अजून गावाची दवंडी द्यायचा. आणि आता त्यांच्या डोळ्यांदेखत देवरावांची आत्या वेशीवर येसकर, म्हणजे गावकामाचा पहारेकरी, म्हणून उभी राहणार होती.

"आत्या, तू हे करू नको," देवराव म्हणाले.

"कावून?"

"कावून म्हणजे? इवाई येऊन राहिले. त्याइले वाटन का आमी अजून येसकरकी करून राहिलो."

हा शब्द देवरावांनी सात वर्षांत घरात उच्चारला नव्हता. कचेरीत ते बाबू होते, पेठेत देवरावजी होते, आणि आपला आजा गोमाजी याच खिडकीवर येसकर होता आणि खिडकी लावणं बंद झाल्यावर आगळ त्यानेच घरी आणली हे त्यांनी कोणाला आपणहून सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

पंचफुलाबाई नवऱ्याच्या बाजूने गेल्या. "आत्याबाई, पोरीचं लगन हाय. एक डाव होऊन जाऊ द्या, मंग साऱ्या खिडक्याइले आगळा लावा."

ललिता नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. तिने दप्तर खाली ठेवलं आणि आत्याआजीच्या बाजूला जाऊन बसली. घरात तट पडला की ती नेहमी तिथेच बसायची. "पन आजी, रीत कोनती होती?"

केशरबाईंनी संत्रं सोललं. सोलायला त्यांनी भरपूर वेळ घेतला.

"दिवे लागले का खिडकी बंद. माया बाप आतून आगळ लावे अन् देवडीत बसे. मंग कोनी बी आलं, कोनी बी, का तीन गोष्टी सांगा लागे. नाव काय? कोनाचा? कशाले आला? सांगतलं का आगळ निघे. नाई सांगतलं तं रायते बाहेर. एक डाव हे तुळशीरामजी बाजाराहून उशिरा आले. थंडीचे दिवस. माया बापानं पुसलं, कोन हाय? थे म्हनाले, मले नाव पुसतं? मले? बाप म्हने, आवाज वळखतो जी, पन रीत हाय. थे काई नाव सांगेनात अन् बाप काई आगळ काढेना. मी भाकर घेऊन आली होती, तठीच बसली होती. पहाटे फुलाच्या पाट्या आल्या. त्या बायाइनं नावं सांगतली, खिडकी उघडली, अन् पाट्याइच्या मांगून हे आत आले. मिशीले दव."

ललिता इतकी हसली की तिच्या हातातल्या फोडी ओसरीभर सांडल्या. पंचफुलाबाईंनाही हसू आवरलं नाही.

देवराव हसले नाहीत. "अन् सकाळी? सकाळी थेच तुळशीरामजी आजोबाले आपल्या दारातून दूर हो म्हनत. रातभर त्याइचं घर राखे अन् दिवसा बाहेर जाऊन निजे, कावून का परकोटात घर बांधाची सोय नव्हती. हे बी सांग ना, आत्या."

केशरबाईंनी हातातली फोड खाली ठेवली.

"सांगीन. हे बी सांगीन. पन तू तं काईच सांगू देत नाई, बावा. तू नाई सांगशीन, मी नाई सांगीन, तं त्या पाटीवर काय राहीन? तुळशीरामजीचा पहारा."

पंचफुलाबाईंनी ओसरीवरची संत्र्याची सालं गोळा केली आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मले आत्याबाईचं पटते." तट फिरला. देवराव एकटे पडले.

एकट्या पडलेल्या माणसाला युक्ती सुचते, तशी त्यांना सुचली. रविवारी आपण स्वतः मोटारस्टँडवर जायचं, बुधाजींना उतरवून घ्यायचं, दुसऱ्याच दरवाजाने घरी आणायचं, आणि खिडकीवरचा बँड थांबेपर्यंत चहावर चहा पाजायचा. तीन पिढ्यांचा हिशेब चार कप चहात मिटवायचा त्यांचा बेत होता.

रविवारी ते स्टँडवर पोचले तेव्हा अकोल्याची मोटार येऊन रिकामी झाली होती. बुधाजी कुठेच नव्हते. पानवाल्याने सांगितलं की छत्री घेतलेले एक उंच गृहस्थ इथवर ऐकू येणारा बँड कोठी वाजून राहिला म्हणून विचारत होते, आणि त्याने त्यांना फुलारी खिडकीची वाट दाखवली.

देवराव धावले. शर्टाची इस्त्री, वय आणि बाबूपणा सगळं विसरून धावले.

खिडकीबाहेर सगळी पेठ लोटली होती. दाराला झेंडूची तोरणं होती, आत शिरायची वाट नव्हती, दार गच्च बंद होतं. बँडवाले वाजवायचे थांबून ऐकत होते. आणि रांगेच्या मध्यात, छत्री टेकून, मान उंच करून बुधाजी उभे होते.

दारामागून आवाज आला. "कोन हाय?"

"वच्छला!" पुढची बाई ओरडली. डोक्यावर पाटी होती. "किसन फुलवाल्याची. हार घेऊन आली!"

आगळ सरकल्याचा आवाज झाला, दार एक माणूस जाईल एवढं उघडलं, वच्छला आत गेली, दार पुन्हा बंद झालं, आगळ लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक पोरगी पुढे झाली आणि तिने आपलं नाव, बापाचं, आज्याचं, आणि कोणी विचारलं नसताना आपल्या बकरीचंही नाव सांगितलं. एका बोहरा दुकानदाराने ऐटीत सात पिढ्या म्हटल्या. जो तो पुढे होऊन आपलं नाव मोठ्याने सांगत होता आणि सांगून झाल्यावर थोडा उंच होऊन आत जात होता. देवीदास गुरुजींनी तर दीडशे वर्षांचा हिशेबही सुरू केला, तेव्हा आतून केशरबाई म्हणाल्या, "गुरुजी, तीनच गोष्टी!"

मग वामनराव आले. अंगात नवा कोट, छातीला अध्यक्षाचा बिल्ला.

"कोन हाय?"

"मी हाओ, केशरबाई. उघडा."

"मी कोन?"

"अहो, अध्यक्ष!"

"अध्यक्ष तं झाला. नाव?"

वामनरावांनी मागे वळून पाहिलं. सगळी पेठ त्यांच्याकडे पाहत होती. त्यांचा चेहरा लाल झाला. "मले नाव पुसता?" ते म्हणाले. "मले?"

गर्दीतून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. वामनरावांच्या आई माणिकबाई खुर्चीवर बसून होत्या. लग्न होऊन त्या या पेठेत आल्या तेव्हा परकर नेसायच्या, आणि खिडकीच्या उंबऱ्याच्या आत त्या व बाहेर केशर बसून दोघी चिंचोके खेळायच्या. चिंचोके उंबरा ओलांडत, पोरींनी ओलांडायचा नाही.

"सांग रे वामन!" माणिकबाई ओरडल्या. "नाई तं आज्यासारखा रातभर बाहेर निजशीन!"

"बाई, आबा पहाऱ्यावर होते!"

"कायचा पहारा! नाव सांगाले लाजले अन् थंडीत काकडले. सकाळी आले तं सासूबाईनं काढा देल्ला, मी चूल फुकली. घरात कोनी हसाचं नाई, असा हुकूम होता. आज साठ वर्षं झाले, माया पोटात थे हसू तसंच हाय!"

आणि ते साठ वर्षांचं हसू त्यांनी तिथे सगळ्यांसमोर हसून टाकलं. पेठ हसली, बँडवाले हसले. वामनरावांचा राग त्यांच्या नव्या कोटाइतकाच घट्ट होता, पण आईला असं हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मिशीची टोकं हलायला लागली.

"वामन," ते दाराकडे तोंड करून म्हणाले. "माणिकबाईचा. तुळशीरामजीचा नातू. आज्याचं नाव सांगाचं राहून गेलं होतं, थे सांगाले आलो."

"या जी," केशरबाई म्हणाल्या. आगळ सरकली.

आत जाता जाता वामनरावांनी रंगाऱ्याला हाक मारून पाटीवरचं 'दरोडेखोरांपासून' ते 'पहारा दिला' सगळं पुसून 'रात्र काढली' लिहायला सांगितलं, आणि त्याच्या वर, मोठ्या अक्षरात, खिडकी कोणी बंद ठेवली होती त्याचं नाव.

रांग पुढे सरकली. देवराव कसेबसे बुधाजींपर्यंत पोचले.

"जयभीम, इवाई!" बुधाजी खुशीत होते. "अशी मजा मीनं अकोल्यात नाई पाह्यली. आतली बाई कोन हाय हो? आवाज भारी हाय."

देवरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "हाय… पेठेतलीच एक."

बोलले आणि त्यांना स्वतःचीच अशी लाज वाटली की बुधाजींच्या छत्रीकडे पाहत राहिले. जिने मांडीवर घेऊन वाढवलं ती बाई दाराच्या आत होती, आणि आपण तिला पेठेतलीच एक म्हणालो! पण बुधाजींची पाळी आली होती.

"कोन हाय?"

"बुधाजी. सोनाजीचा. अकोल्याहून पोराच्या लगनाची तारीख काढाले आलो!"

आगळ सरकली, दार उघडलं, बुधाजी तोरण चुकवत वाकून आत गेले. दार लागलं. आत त्या दोघांचं काहीतरी बोलणं झालं. देवरावांना ते ऐकू आलं नाही. झालं, ते मनाशी म्हणाले. इवायाले कळलं.

बाकीचे सगळे एकेक करून आत गेले. बाहेर झेंडूच्या पाकळ्या, रिकामी खुर्ची आणि देवराव उरले. दुसऱ्या दरवाजाने घरी जाता आलं असतं. वाट ओळखीची होती.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

तिला माहीत होतं कोण आहे ते. त्यांच्या खोकल्यावरून तिने त्यांना लहानपणापासून अंधारात ओळखलं होतं.

"देवराव," ते म्हणाले.

"कोनाचा?"

त्यांनी बापाचं नाव सांगितलं.

"आयकू नाई आलं."

देवरावांनी टोपी काढून हातात घेतली, आणि मग आवाज असा लावला की आत पेठेच्या चौकापर्यंत गेला. "देवराव! गोमाजी येसकराचा नातू! केशरबाईचा भाचा!"

आत गलका चालला होता तो थांबला.

"कशाले आला?"

या दारातून गोमाजीने हजारो माणसं घरी सोडली होती आणि स्वतः रोज सकाळी उलट बाहेर पडला होता. देवरावांना ते आठवलं.

"घरी आलो, आत्या," ते म्हणाले.

आगळ सरकली. दार या वेळी अर्धवट नाही, पुरतं उघडलं. दारात केशरबाई उभ्या होत्या, डोळे भरलेले आणि तोंडाने रागावत. "एवढा उशीर कावून केला?" आणि आगळीचं दुसरं टोक पोटाशी धरून, घामाघूम, छत्री कुठेतरी टाकून दिलेले बुधाजी उभे होते.

"लय जड हाय हो, इवाई," ते धापा टाकत म्हणाले. "म्हातारी कव्हाची एकटीच उचलून राहिली होती."

"इवाई, ही माई आत्या हाय," देवराव म्हणाले. "मी मंगाशी…"

"तिनं सांगतलं ना मले." बुधाजींनी टोक दुसऱ्या हातात घेतलं. "दवंडी देनारं घर मीनं सोडलं, थे लोकाइच्या हुकमात होतं म्हनून. अठी तं अध्यक्षापासून साऱ्याइले हिनं रांगेत उभं केलं. असं घर मी कायले सोडू?"

वामनराव पुढे आले. आगळ आता कायमची खिडकीलाच बसवून टाकावी, असं कमिटीच्या वतीने त्यांनी सुचवलं.

"नाई जमत," बुधाजी म्हणाले. "मंग उद्या आमाले पाळना कायले टांगा लागन?"

ललिता गर्दीत होती ती आईच्या मागे गेली. माणिकबाई पुन्हा हसायला लागल्या. शेवटी असं ठरलं की आगळ वर्षातून एक दिवस खिडकीची, बाकीचे दिवस घरची.

बँड सुरू झाला. आगळीचं एक टोक बुधाजींच्या खांद्यावर होतं आणि दुसरं देवरावांच्या. पुढे माणिकबाई आणि केशरबाई हात धरून चालत होत्या. रस्त्यात कोणीतरी विचारलं की हे काय घेऊन चालले, बाबूसाहेब? देवरावांनी थांबून त्याला सगळं सांगितलं, गोमाजीपासून. पुढच्या कोपऱ्यावर कोणी विचारलं नाही, तरीही सांगितलं.